मोडीचे खिळे, बंगाली फाँट आणि एक परवाना

मागच्या भागात आपण मराठा खंदक पाहिला. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार येणार या धास्तीने १७४२ साली कोलकातेकरांनी शहराभोवती चर खणायला घेतला आणि तो कधी पुरा झालाच नाही, ती हकिकत. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, कर्नलसाहेब, आता प्लासी घ्या. घेऊ. पण आज मध्येच एक वेगळा विषय घेतो, कारण तो गेल्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आणि दोन महिने उठलाच नाही. विषय आहे सॉफ्टवेअरचा परवाना. लगेच पुढच्या व्हिडिओवर जाऊ नका. यात श्रीरामपूर आहे, मोडी लिपी आहे, रवींद्रनाथ आहेत आणि पुण्याची एक कंपनीही आहे.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझी मुलगी आणि बंगाली जावई यांची सॉल्ट लेकच्या सेक्टर फाईव्हमध्ये चौघांची छोटी कंपनी आहे. लहान मुलांना मराठी आणि बंगाली अक्षरं गिरवायला शिकवणारं ॲप ते विकतात. मूल गिरवतं, ॲप त्याची पीडीएफ वही करून देतं. कोड त्यांचा स्वतःचा, तो कुणाला दाखवायचा नाही, त्यावरच पोट. गेल्या वर्षी एका मोठ्या प्रकाशन संस्थेने हे ॲप शाळांना पुरवायचं ठरवलं. करार तयार झाला आणि सहीच्या आधी वकिलाचं पत्र आलं. तुमच्या ॲपमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेलं काय काय आहे आणि ते कोणत्या परवान्याखाली आहे, याची यादी दहा दिवसांत द्या.

घरात शांतता पसरली. यादी नव्हतीच. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही झोपा, हे आमचं बघतो आम्ही.” पण मंडळी, ज्याने आयुष्यभर युनिटमध्ये स्टॉक टेकिंग केलं, त्याला यादी नाही म्हटल्यावर झोप येत नाही. मी एक जाड रजिस्टर आणलं, रकाने आखले. वस्तूचं नाव, कुठून आली, कोणत्या कागदावर आली, ॲपमध्ये कुठे बसवली. चौथ्या दिवशी तीसेक नोंदी झाल्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या. दोनांपुढे मात्र जावयाने लाल शाईने फुली मारली. एक पीडीएफ बनवणारी लायब्ररी, दुसरा एक जुना बंगाली फाँट. दोन्ही फुकट उतरवून घेतलेले.

मी विचारलं, फुकट घेतलं, चोरी नाही केली, मग अडचण काय? जावई म्हणाला, “बाबा, मुफ़्त है, पर बेशर्त नहीं है.” या एका वाक्यापायी मी पुढचे आठवडे वाचत बसलो. त्यातलं जे मला कळलं ते सांगतो. मी बी.एस्सी. झालेला फौजी आहे, वकील नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

कोलकात्याहून हुगळीच्या काठाने वर गेलं की पंचवीसेक किलोमीटरवर श्रीरामपूर लागतं. आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे. हे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. १८०० साली विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी तिथे छापखाना घातला. छापायचं ते इथल्या भाषांत, पण खिळे आणणार कुठून? बंगाली अक्षरांचे खिळे त्याआधी हुगळीला चार्ल्स विल्किन्सने पाडले होते, १७७८ साली हॅलहेडचं बंगाली व्याकरण छापण्यासाठी. त्या कामात त्याच्या हाताखाली पंचानन कर्मकार नावाचा कारागीर होता. विद्या होती ती त्याच्या बोटांत. कॅरीने त्याला कोलकात्याहून थोड्या दिवसांसाठी म्हणून मागून आणला आणि परत पाठवलाच नाही, अशी हकिकत इथे सांगतात. पंचाननने ती कला आपला जावई मनोहर याला शिकवली.

मराठी माणसाने श्रीरामपूरला एकदा तरी जावं, कारण कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथेच छापलं गेलं, आणि १८१० साली मराठीचा कोश. कोशातली मराठी अक्षरं मोडी आहेत. मोडीचे खिळे बंगाली कारागिरांनी, हुगळीच्या काठी पाडले. मजकुराला हात होता वैजनाथ शर्मा या पंडितांचा. ते फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे पंडित होते. पुढे त्यांची ‘सिंहासन बत्तिशी’ही तिथूनच मोडीत निघाली. मी फोर्ट विल्यममध्ये नोकरीला होतो तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. आता त्या किल्ल्याचं नाव विजय दुर्ग झालंय, आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून. असो.

११ मार्च १८१२ ला संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागद जळाला, हस्तलिखितं जळाली, शिशाचे खिळे वितळून गोळा झाले. पण ढिगारा उपसताना पोलादी ठसे शाबूत सापडले. खिळा कसा बनतो? आधी पोलादाच्या कांडीवर अक्षर कोरायचं, तो ठसा. तो तांब्यावर ठोकून साचा करायचा, आणि साच्यात शिसं ओतून पाहिजे तेवढे खिळे पाडायचे. ठसे वाचले म्हणून वितळलेलं शिसं पुन्हा ओतून काही महिन्यांतच छपाई सुरू झाली.

खिळा आणि ठसा हा फरक मनात धरा, पुढचं सगळं सोपं जातं. खिळे हाती असले तर तुम्ही छापू शकता, पण नवं अक्षर पाडू शकत नाही, झिजलेलं सुधारू शकत नाही. त्याला ठसा लागतो. आज आपण जे सॉफ्टवेअर विकत घेतो ते खिळे असतात. ठसे, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड, कंपनीच्या कपाटात.

सुरुवातीला असं नव्हतं. इथल्या बराहनगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५-५६ साली एचईसी-२एम नावाचा ब्रिटिश संगणक आला. त्या काळी किंमत यंत्राची होती. प्रोग्रॅम लोक स्वतः लिहीत आणि एकमेकांना देत. १९६९ साली आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावायचं जाहीर केलं, आणि हळूहळू सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला. मालाला कुलूप आलं. याला वैतागून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली त्यासाठी एक परवाना लिहिला, जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. यातली हुशारी अशी की हा माणूस कॉपीराइट सोडून देत नाही. कॉपीराइट घट्ट धरतो आणि त्याच्याच जोरावर सांगतो, घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा, पण दुसऱ्याला देताना ठशांसकट द्या, आणि याच अटींवर द्या.

फौजेतल्या मंडळींना हे इश्यू व्हाउचरच्या भाषेत लगेच कळेल. वस्तू तुमच्या युनिटमध्ये आहे तोवर ती कशी वापरता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. ती दुसऱ्या युनिटला गेली की तिच्याबरोबर कागद गेलाच पाहिजे. जीपीएलचा घोडा तिथेच दाबला जातो, वाटपाच्या क्षणी. वापर नव्हे, वाटप.

यावरून एक आठवलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातम्या आल्या की संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर बेतलेली ‘माया’ नावाची प्रणाली बसवणार. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर लगेच गहजब झाला. मुक्त परवाना म्हणजे आपला कोड शत्रूलाही द्यायचा की काय? नाही हो. मंत्रालयाने स्वतःच्या यंत्रांवर वापरलं तर ते वाटप नव्हे. बाहेरच्या कंपनीने बदल करून मंत्रालयाला विकलं, तर तिने कोड सोबत द्यायचा तो घेणाऱ्याला, म्हणजे मंत्रालयाला. जगाला पत्रक काढून नव्हे.

मग अडतं कोण? विकणारा. २००३ साली लिंकसिस कंपनीचं घरगुती वायफायचं खोकं फार खपत होतं. लोकांनी उघडून पाहिलं तर आत लिनक्स, म्हणजे जीपीएलचा माल, आणि कोडचा पत्ता नाही. सिस्कोने ही कंपनी त्याच वर्षी ५० कोटी डॉलरला घेतली होती. कोड खुला करावा लागला. त्याच कोडवरून पुढे हौशी लोकांनी ओपनडब्ल्यूआरटी उभं केलं. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयाने एका अशाच राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई कायम केली आणि जीपीएल हा नुसता सदिच्छेचा कागद नाही हे कोर्टात ठरलं.

आता परत बंगालमध्ये येऊ, कारण ही गोष्ट इथे अक्षरांवर घडली.

रवींद्रनाथ गेले ७ ऑगस्ट १९४१ ला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पन्नास वर्षांनी, म्हणजे १९९१ च्या अखेरीस, त्यांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क संपायचा होता. सरकारने ऐन वेळी मुदत साठ वर्षं केली. त्यामुळे रवींद्रनाथ मोकळे झाले ते १ जानेवारी २००२ ला. कॉलेज स्ट्रीटवर कुणीही छापावं, कुणीही विकावं. पण हाच मजकूर संगणकावर कोणत्या अक्षरांत उमटवणार? मजकूर मोकळा आणि अक्षरं कुलपात, अशी गत होती.

ते कुलूप मराठीतही होतं. डीटीपीच्या दुकानात संगणकाच्या मागे खोचलेला डाँगल आठवतो का? तो काढला की सॉफ्टवेअर आंधळं. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी. नव्वदच्या दशकात मी आमच्या पलटणीचं मराठी वार्तापत्र एका पॅकेजमध्ये टाइप करून घेतलं. दुसऱ्या गावच्या छापखान्यात फाईल उघडली तर सगळा कचरा. तीन जवानांनी पुन्हा अख्खं टाइप केलं. युनिकोडमध्ये देवनागरी आणि बंगाली दोन्ही १९९१ पासून होत्या, पण युनिकोड म्हणजे नुसते क्रमांक. त्या क्रमांकांना चेहरा देणारे फाँट लागतात, आणि चांगला भारतीय फाँट करणं म्हणजे शेकडो जोडाक्षरं एकेक करून काढणं. ते फुकट कोण करणार?

केलं. २००३ च्या सुमारास आकृती बनवणाऱ्या सायबरस्केप मल्टिमीडिया कंपनीने नऊ भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएलखाली सोडले. त्याच दिवसांत बंगालीसाठी ‘फ्री बांगला फाँट्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातून ‘मुक्ती’, ‘लिखन’ असे फाँट आले. ‘अंकुर’ नावाच्या गटातली दोन्ही बंगालची पोरं लिनक्सचे मेनू बंगालीत आणत होती. मग २००४ च्या आसपास रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फाँट आणले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरून. ते पुरवले होते आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. श्रीलिपीवाले म्हटलं की जुन्या डीटीपीवाल्यांना ओळख पटेल. दोनशे वर्षांपूर्वी बंगाली कारागिरांनी मराठीची मोडी पाडली, आणि आता पुण्याहून बंगालीचा फाँट आला, ठशांसकट.

मात्र जीपीएल लिहिला गेला तो प्रोग्रॅमसाठी. फाँटला लावल्यावर एक विचित्र पेच पडला. तुम्ही पीडीएफ करता तेव्हा वापरलेली अक्षरं त्या फाईलच्या आत उतरतात, नाही तर दुसऱ्याच्या यंत्रावर ती दिसणार नाहीत. जीपीएल म्हणतो, माझा भाग ज्यात मिसळला ती नवी वस्तूही माझ्याच अटींवर द्या. मग ती पीडीएफ काय झाली? एखाद्या लेखकाने जीपीएल फाँटमध्ये कादंबरी छापली तर कादंबरीही सर्वांना मोकळी? असा कुणाचाच हेतू नव्हता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने स्वतःच हा धोका मान्य केला आणि फाँटच्या परवान्यात जोडायला अपवादाचं एक कलम सुचवलं, की दस्तऐवजात फाँट उतरला म्हणून दस्तऐवजाला जीपीएल लागणार नाही. ज्यांनी ते कलम जोडलं ते सुटले. ज्या फाँटला ते नाही, तिथे वकील भुवई उंचावतो. आमच्या पोरांच्या फाँटला ते नव्हतं, आणि त्यांचं ॲप दर पानाला पीडीएफ करत होतं!

२००७ साली ओपन फाँट लायसन्सची १.१ ही आवृत्ती आली, खास फाँटसाठी लिहिलेली. फाँट कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर द्या, बंद कोडच्या, विकाऊ सॉफ्टवेअरबरोबरही चालेल. फक्त नुसता फाँट एकटा विकू नका, सुधारलात तर सुधारलेला फाँट याच परवान्याखाली ठेवा, आणि त्यात केलेल्या कागदपत्रांवर आमचा हक्क नाही. २०११ च्या सप्टेंबरमध्ये लोहितही या परवान्याखाली आला.

फुकट आणि मुक्त यातला फरक सीमेपलीकडे ढाक्यात फार चांगला दिसला. तिथे मुस्तफा जब्बार यांचा ‘बिजॉय’ कीबोर्ड १९८८ पासूनचा, विकत घ्यायचा. २००३ साली मेहदी हसन खान या वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘अभ्र’ काढला आणि फुकट वाटला. कोलकात्यातही आज कितीतरी लोक त्यावरच बंगाली लिहितात. २०१० साली वाद पेटला की अभ्रमधली एक मांडणी बिजॉयची नक्कल आहे. कॉपीराइट कार्यालयापर्यंत गेलं, समझोता झाला, अभ्रने ती मांडणी काढून टाकली. म्हणजे फुकट वाटलं तरी हक्काचा प्रश्न सुटत नाही. अभ्रचा कोड खुला झाला तो नंतर. मेहदी हसन आणि त्यांच्या सोबत्यांना बांगलादेशने २०२५ साली एकुशे पदक दिलं.

आता पुन्हा माझ्या रजिस्टरकडे. फाँटची फुली एका संध्याकाळी पुसली गेली. जुना फाँट काढला, लोहितची नवी आवृत्ती बसवली, काही जोडाक्षरं नीट दिसतात का ते मीच चष्मा लावून तपासलं. ‘ळ’ आणि ‘र्‍य’ मी दोनदा पाहिले, बंगाली जावयाला त्यातलं काय कळणार.

लायब्ररी मात्र जड गेली. नुसती एकाच खोक्यात शेजारी ठेवलेली असती तर चाललं असतं. जीपीएलमध्येच लिहिलंय की एका डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी ठेवले म्हणून एकाच्या अटी दुसऱ्याला लागत नाहीत. पण इथे ती लायब्ररी त्यांच्या कोडमध्ये शिवून टाकलेली होती. तीन वाटा होत्या. स्वतःचा सगळा कोड जीपीएलखाली खुला करायचा. लायब्ररीच्या मालकाकडून पैसे देऊन वेगळा व्यापारी परवाना घ्यायचा, बऱ्याच कंपन्या एकच माल असा दोन कागदांवर देतात. किंवा ती उपटून दुसरी बसवायची.

मुलगी पहिल्या वाटेच्या बाजूने होती. म्हणाली, “बाबा, आपण इतकं फुकट घेतलं, थोडं परत द्यायला काय हरकत?” जावई म्हणाला, पगार कशातून देणार? त्या रात्री दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, पण ज्या माणसाने लायब्ररी लिहिली त्याने तिसऱ्या कुणाच्या सोयीसाठी आपली अट सैल करावी असं म्हणायचा हक्क आम्हाला नव्हता. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. वाचलं नाही ते आम्ही. आणि खरं सांगायचं तर वकिलाचं पत्र आलं नसतं तर आम्ही आजही वाचलं नसतं. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम १९८४ पासून साहित्यकृतींत मोडतो. रवींद्रनाथांच्या कवितेला जी कलमं लागू होती, तीच त्या लायब्ररीला.

व्यापारी परवान्याची किंमत विचारली. ती चौघांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. शेवटी तिसरी वाट. एमआयटी परवान्याची दुसरी लायब्ररी सापडली. तो परवाना फार थोडं मागतो, मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवा म्हणतो. पण ती जोडाक्षरं मोडत होती, ‘क्ष’ चे दोन तुकडे व्हायचे. ते दुरुस्त करायला सहा आठवडे गेले. दुरुस्ती मुलीने त्या लायब्ररीच्या मूळ लेखकांना पाठवून दिली, परवाना तसं करायला सांगत नसताना. जावयाने हरकत घेतली नाही.

आधीच्या गिऱ्हाइकांचं काय, हा प्रश्न मी काढला आणि तो कुणालाच आवडला नाही. ज्यांना जुनं ॲप दिलं होतं त्यांच्याकडे तो शिवलेला माल गेलाच होता. सगळ्यांना नवी आवृत्ती पाठवली, जुनी विक्रीतून काढली, आणि लायब्ररीच्या मालकांना पत्र लिहून काय झालं ते कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, थांबवलंत ते ठीक. त्या दोन ओळी येईपर्यंतचे नऊ दिवस मुलीचं वजन घटलं.

प्रकाशन संस्थेने सही केली, दोन महिने उशिरा, आणि शाळांचं नवं वर्ष सुरू झाल्यामुळे पहिली ऑर्डर निम्मीच दिली. ॲपमध्ये आता ‘परवाने’ नावाचं एक पान आहे, त्यात तीसेक नावं आहेत. ते कुणी उघडत नाही. रजिस्टर माझ्या हस्ताक्षरातच चालू आहे. सेक्टर फाईव्हमधून दुपारी फोन येतो, “बाबा, एक नवीन नोंद घ्या,” आणि मी आधी विचारतो, कागद कोणता?

पुढच्या रविवारी प्लासी, नक्की. नमस्कार.